मग तू जोडलंस कुणाला?

"जोड्या करा," मुजावर सर म्हणाले, आणि प्रयोगशाळेतल्या सगळ्या मुली एकदम उठल्या.

मी उठले नाही. उठून जायचं तर कुणाकडे जायचं हे आधी माहीत असावं लागतं. आमच्या रोबोटिक्स क्लबमध्ये मुलींची संख्या विषम होती आणि शेवटी उरणारी कोण, हे काढायला गणिताची गरज नव्हती. जूनमध्ये आम्ही नाशिकहून मिरजेला आलो होतो. ऑगस्ट संपत आला तरी मी वर्गात "हजर" सोडून फारसं काही बोलले नव्हते.

"कोण उरलं?"

मी हात वर केला.

"शेवाळे, तू समृद्धीबरोबर जा. तिघी करा."

"तिघींची जोडी नसती, सर," समृद्धी म्हणाली.

"मी करते सर, एकटी," मी घाईघाईने म्हणाले.

"मी कर-ते," समृद्धीने मागून नाजूक आवाज काढून माझी नक्कल केली. मुली फिस्सकन हसल्या. इथल्या मुली "मी करती, मी येती, मी जाती" म्हणायच्या. मी करते, येते, जाते. नाशिकला सगळेच असं बोलतात, पण मिरजेत तो माझा नखरा ठरला होता.

सरांनी मला एक खोका दिला. त्यात लाल अक्षरं पळवणारा लांबट बोर्ड होता, थोड्या वायरी होत्या, बिस्किटाच्या तुकड्याएवढं एक ब्लूटूथ मॉड्यूल होतं, आणि कॉम्प्युटरला लावायचा नखाएवढा डोंगल. घरच्या कॉम्प्युटरवर टाइप केलेलं वाक्य वायर न जोडता बोर्डवर पळवायचं, हा माझा प्रकल्प. विज्ञान प्रदर्शन दसऱ्यानंतर होतं.

"घरी कॉम्प्युटर कुठला आहे?"

"आईच्या हॉस्पिटलमधून निकालात काढलेला. विंडोज नाही, लिनक्स आहे सर त्याच्यावर."

"झकास. मग नीट ऐक. त्या कॉम्प्युटरला प्रत्येक जोडलेली वस्तू फाइलसारखी दिसती. तिला नोड म्हणायचं. वायरीनं जोडलंस तर नोड आपोआप येतो. हवेतून जोडायचं असेल तर आपण बनवायचा. दारावर नावाची पाटी लावतो ना, तसं. पाटीपाशी जे ठेवशील ते आतल्याला मिळणार."

"आणि आत कोणी नसेल तर?"

"तरी पाटी असतीच की. पाटी लावायला माणूस घरात असावा लागत नाही."

मला हे वाक्य फार आवडलं होतं. तेव्हा फक्त आवडलं होतं.

आम्ही हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर राहायचो. बाबांची नोकरी नाशिकलाच होती, ते महिन्यातून एकदा यायचे. आई नर्स. तिची ड्युटी दुपारची, त्यामुळे मी शाळेतून यायच्या आत ती गेलेली असायची. ओट्यावर झाकलेलं ताट, ताटावर चिठ्ठी, चिठ्ठीत "दूध पी". मजल्यावर दोनच घरं, दोन्हींना मिळून एक लांब गॅलरी. दुसरं घर चौगुले काकूंचं.

काकू एकट्या राहायच्या. उंच, हाडकुळ्या, अंबाडा इतका घट्ट की बघून आपलंच डोकं दुखावं. पहिल्या आठवड्यात त्या कपडे वाळत घालत होत्या तेव्हा मी मागून म्हणाले, "काकू, मी केतकी. शेजारची." त्यांनी शेवटचा चिमटा लावला आणि आत निघून गेल्या. दुसऱ्यांदाही तसंच झालं. तिसऱ्यांदा मी म्हणालेच नाही.

"त्या बोलतच नाहीत माझ्याशी," मी आईला सांगितलं.

"असेल त्यांचं काही. त्यांची मुलगी लांब असते म्हणे, तमिळनाडूत होसूरला, नोकरीला. भांडून गेली असं मालकीणबाई म्हणत होत्या. तू तुझा अभ्यास कर."

तर अशा परिस्थितीत मी आणि लिनक्स.

पहिल्या संध्याकाळी मी वायरी लावल्या. बोर्ड काळाच्या काळा. मॉड्यूलवर म्हणे लाल दिवा लुकलुकायला हवा, तोही नाही. मला वाटलं, दिवा गेला असेल, शाळेच्याच तर वस्तू. मग मी कॉम्प्युटरची काळी खिडकी उघडली आणि आजूबाजूची ब्लूटूथं शोधायला सांगितली. थोड्या वेळाने एक नाव आलं, एचसी-झिरो-फाइव्ह. खोक्यावर हेच नाव होतं. पिन विचारला, मी सरांनी सांगितलेला एक-दोन-तीन-चार टाकला, आणि कॉम्प्युटर म्हणाला, जोडी जमली. मिरजेत आल्यापासून माझी ही पहिली जोडी.

मग नोड. आरएफकॉम नावाची आज्ञा द्यायची, बाइंड म्हणायचं, पुढे त्या मॉड्यूलचा लांबलचक पत्ता. एंटर मारलं. काहीच झालं नाही, आणि या कॉम्प्युटरमध्ये काहीच न होणं म्हणजे काम झालं. मी यादी उघडून बघितली तर खरोखर तिथे नवीन नाव उभं होतं, आरएफकॉमझीरो. माझी पाटी.

मी तिच्यावर "हॅलो" टाकलं. उत्तर आलं, परवानगी नाही. पुष्कळ शोधल्यावर कळलं की मी ग्रुपमध्ये नाही. त्या ग्रुपचं नाव डायलआउट, आणि ग्रुपमध्ये नसलेल्यांना पाटीला हात लावायला मनाई. मला हसू आलं. म्हणजे इथेही. फरक इतकाच की इथे मला स्वतःला ग्रुपमध्ये घेता येत होतं, एक ओळ टाइप करून. समृद्धीच्या ग्रुपसाठी तशी ओळ असती तर मी जूनमध्येच टाइप केली असती.

पुन्हा "हॅलो". यावेळी तक्रार नाही. बोर्ड मात्र काळाच.

"कोण आहे का?" पाठवलं. बोर्डाला देवनागरी येत नाही, म्हणून सगळं इंग्रजी कॅपिटल अक्षरांत. काही नाही. वायर काढून परत लावली. काही नाही. बाहेर उजेड कमी होत होता, खालच्या घरांतून फोडणीचा वास येत होता, आणि आता काय पाठवावं हे मला सुचेना. मग मी टाइप केलं, एम-आय, जागा सोडून ई-के-टी-आय. मी एकटी. कोणी वाचणार नव्हतंच.

एंटर.

बोर्ड गप्प. पण भिंतीपलीकडून आवाज आला.

"ऐकतीस व्हय?"

मोठा, खणखणीत आवाज, गॅलरीतून खाली हाक मारावी तसा. मी चौगुले काकूंचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"बरं झालं बाई. मला वाटलं, आता काय तू बोलायची न्हाईस." मग मोठी शांतता. मग, "जेवलीस का? मी जेवले. दिवस बुडायच्या आत जेवले."

फोनवर असतील, मी म्हटलं. इतक्या मोठ्याने बोलतात म्हणजे पलीकडे रेंज नसणार. मी खुर्ची भिंतीजवळ सरकवली. मला त्यांचं चोरून ऐकायचं नव्हतं, मला फक्त घरात एक आवाज हवा होता, आणि तो आयता येत होता.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर सुरू केला तर नोड गायब. बंद केलं की पाटी पडते, रोज नवी लावायची. लावली. मग या काळ्या खिडकीत एक सोय असते: वरचा बाण दाबला की आपली आधीची ओळ जशीच्या तशी परत येते, पुन्हा टाइप करायला नको. बाण दाबला, एंटर मारलं. मी एकटी. बोर्ड काळा.

"आलीस?" पलीकडून काकू.

असं रोज व्हायला लागलं. मी शाळेतून यायचे, दूध प्यायचे, पाटी लावायचे, बाण दाबायचे, आणि काकूंचा फोन सुरू व्हायचा. आमच्या वेळा जुळत होत्या एवढंच मला वाटलं. त्यांच्या बोलण्यातून मला कळलं की जिन्याखालच्या मांजरीला पिलं झालीत, खालच्या वाण्याने ज्वारी पाखडून दिली नाही, आणि बस्तीत, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरात, कुणी आज नवीन साडी नेसून आलं होतं. पलीकडचीचं नाव त्रिशला. पलीकडची फार कमी बोलत असणार, कारण काकू थांबायच्या आणि स्वतःच पुढे सुरू करायच्या.

एकदा भांडी घासायचा आवाज थांबला. मग म्हणाल्या, "तू म्हणालीस, चल माझ्यासंगं होसूरला. मी तिथं काय करू, सांग. हितं माणसांचे ओठ वळखीचे हायत माझ्या. तिथल्यांचे ओठ कसे कळायचे मला?"

ओठ ओळखीचे म्हणजे काय, ते मला समजलं नाही. मिरजेत मला न समजणारं पुष्कळ होतं, त्यात ते एक.

"मी म्हणले, माझं एवढं ऐक, हितंच कुपवाडला नोकरी बघ. तर तडकून गेलीस. आता म्हणतीस, ऐकती. मग आधीच ऐकली असतीस तर काय झालं असतं?" आवाज जरा ओला झाला. "बरं. ऐकलंस, बास झालं. ये."

आणि मग गॅलरीत गादी आली. गादी, दोन उशा, धुतलेली चादर, सगळं उन्हाला. मी दप्तर घेऊन शाळेला निघाले होते. काकू वळल्या, त्यांनी मला बघितलं आणि चक्क हसल्या.

"लेक यायलीय माझी."

"कधी?" मी म्हणाले. त्या माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या. मला वाटलं, तोंडाला दूध लागलंय, म्हणून मी पुसलं.

"ते अजून सांगितलं न्हाई. पण ऐकलंय तिनं. दर संध्याकाळी तेच सांगतीया." त्या उशी थोपटत म्हणाल्या, "कडबोळी आवडत्यात तिला. आज करती."

मला त्यांच्याबद्दल बरं वाटलं आणि स्वतःबद्दल वाईट. त्रिशला घरी आली की फोन बंद होणार. दोघी आत बसून हळू आवाजात बोलणार आणि भिंत पुन्हा नुसती भिंत होणार. शाळेत जाईपर्यंत मी त्या न बघितलेल्या त्रिशलाचा राग राग केला.

त्या दिवशी क्लबचा तास होता. मी खोका सरांपुढे ठेवला.

"सर, माझा बोर्ड लागतच नाही."

"जोडणी झाली का?"

"हो सर. नोड पण होतो. पाठवलं की तक्रार पण येत नाही."

सरांनी चष्मा कपाळावर नेला आणि वायरी बघितल्या. मग लाल वायर दोन बोटांत धरून उचलली.

"ही कुठं लावलीस?"

"वरून दुसऱ्या भोकात."

"पहिल्यात पाहिजे. अगं, याला वीजच मिळत नाही. हे मॉड्यूल एक दिवससुद्धा जागं झालेलं नाही." त्यांनी वायर हलवली आणि तो बारीक लाल दिवा भराभरा लुकलुकायला लागला. सर त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मग तू जोडलंस कुणाला?"

मी खोक्यावरच्या नावावर बोट ठेवलं.

"नावं सगळ्यांची सारखीच असत्यात याच्यात, पिनही सारखा. कोणाचं तरी दुसरं मॉड्यूल आहे तुझ्या घराजवळ. जवळ म्हणजे अगदी जवळ, हे काय लांब पोचत नाही. एकदोन भिंतींच्या आतलं."

समृद्धी शेजारच्या टेबलावरून मान लांब करून ऐकत होती. "काय पाठवत होतीस रोज?"

मला सांगायचं नव्हतं. पण सरांनी माझा बोर्ड आता त्यांच्या कॉम्प्युटरला जोडला होता आणि "चल, तेच पाठवून बघ" म्हणाले. मी टाइप केलं. पहिल्यांदाच ती अक्षरं माझ्या डोळ्यांसमोरून लाल लाल पळाली. एम-आय, ई-के-टी-आय.

"मी ऐकती," समृद्धीने वाचलं. "काय ऐकती?"

"मी एकटी," मी म्हणाले.

"असं व्हय. मला वाटलं, ऐकती. आम्ही मेसेजमध्ये 'ऐक ना' असंच लिहितो की, ई-के." ती पुन्हा बोर्डकडे वळली, आणि मग वळून माझ्याकडे. नक्कल करायचा तिचा विचार दिसला नाही. "रोज हेच पाठवायचीस?"

मी दप्तर उचललं. सरांना काय सांगितलं ते आठवत नाही. रस्ताभर डोक्यात एकच चाललं होतं: गादी, दोन उशा, कडबोळी.

काकूंचं दार बंद होतं. मी वाजवलं. पुन्हा वाजवलं, तळहाताने. काही नाही. मग बेल दाबली. आत बेल वाजल्याचा आवाजही आला नाही. पण खिडकीचा पडदा अर्धा सरकलेला होता, आणि समोरच्या भिंतीवर, म्हणजे माझ्या कॉम्प्युटरच्या बरोबर पाठीमागे, एक लांबट काळा बोर्ड होता. त्याच्यावर लाल अक्षरं पळत होती. डी-डबल ए-आर. दार. दार. दार.

तेव्हा मला कळलं. काकू माझ्याशी बोलत नव्हत्या असं नव्हतं. मी दर वेळी त्यांच्या पाठीकडे बघून बोलले होते.

त्यांनी दार उघडलं. हात पिठाने भरलेले.

"काकू, ती त्रिशलाताई नव्हती. ते मी पाठवत होते."

"सावकाश. तोंड माझ्याकडं कर आणि सावकाश बोल. मला ऐकाय येत न्हाई."

"तो बोर्ड. त्याच्यावर मी पाठवत होते. चुकून. माझ्या कॉम्प्युटरवरून." मी भिंतीकडे बोट केलं, स्वतःकडे बोट केलं, हवेत टाइप केलं. त्या हळूहळू लक्ष देऊ लागल्या. "त्यात ऐकती नव्हतं. एकटी होतं."

"ऐकती," त्या माझे ओठ वाचून म्हणाल्या. "तेच की."

"एकटी."

"तेच म्हणतीया मी पण. ऐकती."

दोन्ही शब्दांना ओठ सारखेच हलतात. आरशासमोर करून बघा. मी इकडे तिकडे बघितलं. ओट्यावर परातीत भाकरीचं पीठ पसरलेलं होतं. मी आत गेले, आणि परातीतल्या पिठात बोटाने मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिलं: एकटी.

काकू वाकल्या. ट वर त्यांची नजर थांबली.

मग त्यांनी गॅसची आच बारीक केली. तवा नुसताच तापत होता.

"म्हणजे तिशला न्हवतीच," त्या म्हणाल्या. घरात तिला तिशला म्हणायचे असणार.

मी मान हलवली.

त्या पाटावर बसल्या. हात मांडीवर, पीठ साडीला लागलं तरी लक्ष नाही. बोर्ड तिनेच बनवला होता, त्या सांगायला लागल्या, पॉलिटेक्निकला असताना. बेल दाबली की दार म्हणायचा. ती आतल्या खोलीत अभ्यास करायची आणि फोनवरून त्याच्यावर पाठवायची, चहा. काकूंनी ती इंग्रजी अक्षरं तेवढ्यासाठी शिकून घेतली होती. "मला वाटलं, होसूरवरनं पण येत असंल. तिनं केलेलं हाय, येत असंल. आणि ती म्हणतीया ऐकती, म्हणजे तिकडं माझं बोलणं पोचत असंल. मला काय कळतंय त्यातलं."

एखाद्याचं काही पडून फुटलं तर गोळा तरी करता येतं.

"रोज तूच होतीस?"

"हो."

"एकटी हाईस तर सांगायचं न्हाईस व्हय?"

"सांगितलं की. रोज."

त्यांच्या तोंडाचा एक कोपरा हलला.

"आणि मी बोलत हुते ते? तुला ऐकाय जात हुतं?"

"हो."

"सगळं?"

"मांजरीच्या पिलांपासून."

"मग ऐकतीच हुतीस की," काकू म्हणाल्या. "खोटं काय लिहिलंस?" त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या, परातीतलं एकटी दोन हातांनी गोळा करून त्यात पाणी घातलं आणि मळायला घेतलं. "बस. दिवस बुडायच्या आत खाऊन घे. डब्यात कडबोळी हायत, ती पण खा. आता कोण खाणार हाय ती."

त्या दिवसापासून मी माझं झाकलेलं ताट उचलून काकूंकडे जेवायला लागले. मी त्यांच्यासमोर बसून बोलायचे, तोंड सरळ, सावकाश, आणि मला कळलं की मी खूप बोलते. नाशिक, बाबा, डायलआउट ग्रुप, समृद्धी. काकू माझे ओठ बघत भाकरी थापायच्या. एकदा मध्येच म्हणाल्या, "त्या समृद्धीला जाऊन विचार, माझ्यासंगं डबा खातीस का. न्हाई म्हणाली तर भाकरी काय तिच्यासंगं जाणार न्हाई. डब्यातच ऱ्हाती." मी विचारलं. ती हो म्हणाली. इतकं सोपं होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी काकूंनी त्यांचा बटणांचा फोन माझ्यापुढे ठेवला. त्रिशलाचे दोनचार मेसेज होते, सगळे इंग्रजी अक्षरांतले, बरी आहेस ना, पैसे पाठवलेत. काकूंना वाचता यायचे, लिहिता येत नव्हतं. लिहून द्यायला कुणाला सांगावं इतकं त्यांचं कुणाशी जमलेलं नव्हतं.

"लिही."

"काय लिहू?"

त्यांनी पदर नीट केला. "लिही, मी ऐकती."

मी फोनवरून मान वर केली. त्या म्हणाल्या, "दोघींतल्या एकीनं तरी ऐकाय पाहिजे. बोर्डावर ते पळत हुतं ना, तेव्हा मला किती बरं वाटायचं. तिला पण वाटंल."

मी बटणं दाबली. एम, आय. ई, के, टी, आय. तिथे अंगठा थांबला. ए-आय-के लिहिलं असतं तर चोख झालं असतं, कोणी दुसरं वाचलंच नसतं. काकू पाठमोऱ्या होत्या, दिव्याची वात करत होत्या. मी काहीच बदललं नाही. आहे तसं पाठवलं.

"नीट लिहिलंस न्हवं?" त्यांनी वळून विचारलं.

"अगदी नीट," मी म्हणाले.

त्या रविवारी सकाळी आम्ही पोहे खात होतो आणि बोर्डवर दार पळायला लागलं. काकूंनी दार उघडलं. बाहेर पाठीवर सॅक लावलेली, काकूंइतकीच उंच मुलगी. दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या. कोणी काही बोललं नाही, निदान मला ऐकू येईल असं.

दुपारी त्रिशलाताईने माझा बोर्ड उघडून मॉड्यूलचं नाव बदलून दिलं, केतकी, म्हणजे पुन्हा घोळ नको. स्क्रू घट्ट करता करता तिने विचारलं, "तो मेसेज तू टाइप केलास ना? आई काय म्हणाली होती नक्की?"

"तू काय वाचलंस?"

स्क्रू केव्हाच घट्ट झाला होता, तरी ती फिरवत होती.

"ती माझ्याबरोबर यायला तयार झालीये," ती म्हणाली. "मी नोकरी बदलायचं ठरवून आले होते. पण ती ऐकतच नाही. म्हणते, मी शब्द दिलाय."

तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं की काकूंनी "मी ऐकती" लिहायला सांगितलं होतं ते नुसतं कान देण्याबद्दल नव्हतं. त्या जाणार होत्या. आणि ती ओळ मीच पाठवली होती, अगदी नीट.

दिवाळी झाल्यावर त्या गेल्या. गादी, दोन उशा, परात. बोर्डही नेला, तिकडच्या दाराला लावायला. टेम्पोत बसायच्या आधी काकूंनी माझी हनुवटी धरली आणि म्हणाल्या, "मोठ्यांदा बोलत जा. माझ्यासाठी म्हणून न्हवं." मी म्हणाले, "बोलती." त्या माझे ओठ बघून हसल्या. करती-बोलती मला त्यांच्याकडूनच लागलं होतं.

आता मी दहावीला आहे. रोबोटिक्स क्लबच्या नवीन मुलींना मी शिकवती, आणि जोड्या करा म्हणण्याआधी कोण उरणार आहे ते बघून तिच्या शेजारी जाऊन बसती. समृद्धी म्हणती, हिला आता गप्प करायचं कसं. पलीकडच्या घरात एक बँकवाले राहतात, ते शनिवार-रविवार गावी जातात. आईची ड्युटी तीच आहे.

कॉम्प्युटर पण तोच. पाटी रोज लावायला नको म्हणून मी ती ओळ सुरुवातीलाच टाकून ठेवलीय. कॉम्प्युटर चालू झाला की काकूंच्या बोर्डचा नोड आपोआप उभा राहतो, आरएफकॉमझीरो, जसा काही तो बोर्ड अजून भिंतीपलीकडे आहे. कधीतरी संध्याकाळी मी वरचा बाण दाबून बघती. थोडा वेळ जातो, मग कॉम्प्युटर सांगतो, पलीकडचं यंत्र बंद आहे. भिंत काही म्हणत नाही.

गेल्या महिन्यात अशीच बसले होते तर फोनवर मेसेज वाजला. होसूरहून, काकूंचा नंबर. त्रिशलाताई दिवसभर कारखान्यात असते हे मला माहीत होतं, आणि तिकडच्यांचे ओठ काकूंना अजून कळत नाहीत हेही. पण त्यांना आता बटणं दाबता येतात हे माहीत नव्हतं.

दोनच शब्द होते. एम-आय. ई-के-टी-आय.

मी ते एकदा वाचलं. मग दुसऱ्या तऱ्हेने वाचलं. यातलं कुठलं, ते मी विचारलं नाही. मी लिहिलं, मी पण.